डोमाजीची बारमाही सांदवाडी

एका लवकीला पोत्यात घालून त्या पोत्याला साठ टाके मारणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला आहे. आमच्या मुर्रीत, माझ्या कुंपणाच्या पलीकडंच तो राहत होता, आणि मला डोळे मिटून बसायची सवय नाही. लवकी म्हणजे तुमचा दुधी भोपळा. ती काही पळून जाणारी वस्तू नव्हे. पण डोमाजी ओसरीवर बसायचा, दाभणात सुतळी ओवायचा आणि अर्धा दिवस तिला शिवत राहायचा. टाका घातला की गाठ, आणि गाठीवर पुन्हा गाठ. तिरडीलासुद्धा कोणी इतक्या गाठी मारत नाही.

माणूस गोंदियाच्या टेशनात पार्सलबाबू होता. जन्मभर दुसऱ्यांची पोती शिवली, सील ठोकले, शाईनं गावांची नावं घातली. नोकरीतून सुटला, पण पोतं काही हातातून सुटलं नाही. बायको आधीच गेलेली. मग एकुलत्या एक पोरीचं, कौसीचं, लग्न केलं तिरोड्याच्या पलीकडं, चोरखमाऱ्याच्या तलावाकडच्या एका गावात. आणि पोर सासरी गेली त्याच वर्षी याला बागेचं वेड लागलं. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं मी म्हणायची, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची.

घरामागच्या जागेला आमच्याकडं सांदवाडी म्हणतात. प्रत्येकाची असते. पावसाळा लागला की वेल चढतात, थंडीत वांगी होतात, भेदरे म्हणजे तुमचे टोमॅटो होतात, सांबाराचा वाफा होतो, आणि होळी झाली की सगळं वाळून जाते. मग उन्हाळाभर बाई वाळवणावर संसार चालवते. आमच्या सासवांनी हेच केलं, त्यांच्या सासवांनीही हेच केलं. डोमाजीला मात्र हे मान्य नव्हतं. त्याचं एकच पालुपद होतं. "महिना खाली नाई गेला पायजे, वैनी." खाली म्हणजे रिकामा.

हे खूळ आलं कुठून? तर पार्सल हपिसात कधीतरी एक खोका फुटला होता. त्याचा मालक आला नाही, आणि खोक्यातलं एक साहेबी चोपडं डोमाजीनं घरी आणलं. ज्या मुलखाची हवा नरम, त्या मुलखात बारा महिने घरची भाजी कशी पिकवावी, असं त्यात लिहिलं होतं म्हणे. बारा महिन्यांची बारा पानं, आणि एकही पान कोरं नाही. इंग्रजी याला मालाच्या बिल्टीपुरतंच येत होतं. टेशनातल्या एका मद्रासी बाबूकडून त्यानं ते समजून घेतलं आणि घराच्या मागच्या भिंतीवर कोळशानं बारा चौकटी आखल्या. मी चौथीपर्यंत शिकलेली, त्यामुळं मला कुंपणावरून सगळं वाचता यायचं. जानेवारीत काय, फेब्रुवारीत काय, पेरायचं केव्हा, तोडायचं केव्हा. टेशनात गाड्यांचा तक्ता असते तसाच तो तक्ता होता, आणि त्यातल्या भाज्याही तशाच उशिरा यायच्या.

आमची हवा नरम आहे, हे मला त्याच्याकडूनच कळलं. वैशाखात आमच्याकडं कावळा झाडावरून खाली उतरत नाही. लोक दारं लावून, फरशीवर पाणी मारून पडतात. अशा उन्हात डोक्यावर ओला पंचा घेऊन हा माणूस वाफ्यात उभा राहायचा आणि मला सांगायचा की आपली हवा मोठी नरम हाये, फक्त लोकायले माहीत नाई. मी म्हटलं, उन्ह लागलं याला. आमचे हे राइस मिलमध्ये होते. ते म्हणाले, उन्ह नाही, चोपडं लागलं.

त्या चोपड्यात डिसेंबरच्या पानावर लिहिलं होतं की बर्फ पडायच्या आत झाडं झाकून घ्यावी. झालं. डोमाजीकडं दोन घोंगड्या होत्या, त्यातली एक त्यानं वांग्यांवर घातली आणि स्वतः एका घोंगडीत कुडकुडत निजला. सकाळी उठून आभाळाकडं पाहायचा. मी विचारलं, काय पाहून राहिले? तर म्हणे, बर्फ. मुर्रीत! मी त्या दिवशी विहिरीवर हे सांगितलं, तर बायांच्या हातातले दोर सुटले.

आणि अंघोळ! पाणी वाया जाऊ नये म्हणून हा न्हाणीत अंघोळ करत नव्हता, वाफ्यात करायचा. त्याचेही वार ठरलेले. सोमवारी वांग्यांत, मंगळवारी भेदऱ्यांत, बुधवारी मिरच्यांत. म्हणजे कुंपणाकडं पाहावं की नाही याचा विचार मला रोज वार मोजून करावा लागे. मी आमच्या यांना सांगितलं, त्याला जाऊन बोला. हे गेले, आणि वाफ्यात न्हाल्यानं मिरची कशी तिखट होते ते ऐकून परत आले. असे आमचे हे.

बरं, इतकं करून पिकलेलं कोणाला द्यावं तर तेही नाही. एकदा घरी पाहुणे आले आणि मी कुंपणावरून चार काड्या सांबार मागितला. सांबार म्हणजे कोथिंबीर, कोणी राजवाडा नव्हे. डोमाजीनं आधी भिंतीवरच्या चौकटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाला की यंदाचा सांबार धरलेला हाये. धरलेला! स्वतःही तो त्यातलं काही खात नसे. रोज तांदळाची कणी आणि आंबील. पिकलं की तोडायचं, पोत्यात घालायचं, साठ टाके मारायचे, आणि पोतं खांद्यावर घेऊन सकाळच्या पॅसेंजरनं तिरोड्याला जायचं. महिन्यातून एकदा, एखादा उन्हाळी महिना सोडला तर न चुकता. संध्याकाळी रिकामं पोतं घेऊन परत.

आता तुम्ही म्हणाल, पोरीकडं जात असेल. आम्ही विहिरीवर हा विचार केला होता. पण पोरीच्या सासरी बाप दर महिन्याला जाते का? वर्षातून एकदा जाते, तेही बोलावणं आलं तर. पोर दिली की दिली. त्या घरचं पाणीसुद्धा बापानं प्यायचं नसते, तिला मूल होईपर्यंत. तेव्हा हा पोरीकडं जात नाही, हे आम्ही सर्वांनी मिळून पक्कं केलं. मग राहिलं काय? मीच म्हटलं, बुढ्यानं तिरोड्याला घर मांडलं. लवकी खाणारी कोणीतरी आहे. ही गोष्ट दोन दिवसांत गावभर झाली आणि मला त्याचं काही वाईट वाटलं नाही.

रीत म्हणून काही असते की नाही? माणसानं रीत पाळावी. आमचे व्याही नागऱ्याचे. गाव जवळ, म्हणून वाटेल तेव्हा उगवायचे. मागच्या साली पोळ्याच्या आधी असेच आले, हात हालवत, कामाचे दिवस असताना. मी दारातच विचारलं, "कायले आले?" बिचारे म्हणाले की इकडूनच चाललो होतो. तेव्हापासून माणूस सुधारला. येणं बंद झालं. सून दोन दिवस तोंड पाडून बसली होती, पण सुनांची तोंडं पडतात आणि वर येतात.

डोमाजीशी माझं खरं वाजलं ते कोहळ्यावरून. त्यानं कोहळ्याचा वेल लावला होता आपल्या बाजूला, पण वेलाला काय चोपडं वाचता येते? तो कुंपणावरून चढला आणि माझ्या छपराच्या कवेलूंवर जाऊन पसरला. अगदी माथ्यावर एक कोहळं धरलं, आणि ते धरलं ते वाढतच गेलं. पांढरं, भुरभुरीत, दोन हातांत न मावणारं. दिवाळी झाली आणि मी ते शिडी लावून काढून घेतलं.

डोमाजी आला. म्हणाला, वेल माया हाये. मी म्हटलं, वेल तुमचा, कवेलू माझे. फळ जिथं बसलं त्याचं. दोन कवेलू फुटले ते कोण भरून देणार? तो म्हणाला, वैनी, ते डिसेंबरात लिहिलेलं हाये. मी म्हटलं, मग डिसेंबराला सांगा. तो गेला, आणि त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं. मला बरंच वाटलं.

पण त्या कोहळ्याचं पुढं काही झालं नाही. बाईमाणसानं कोहळं फोडायचं नसते. पहिला सुरा पुरुषानं घालायचा, मग बाईनं हात लावायचा. आणि आमचे हे! आज फोडतो, उद्या फोडतो. कोहळ्याच्या वड्यांसाठी उडीद डाळ मी दोनदा भिजवली, दोनदा तिचे वडे करून खाल्ले. पोरगा बापाचाच. शेवटी ते कोहळं शिंक्यात घालून मयालीला, म्हणजे छताच्या तुळईला, टांगलं, आणि ते पौष, माघ, फागुन तिथंच लोंबत राहिलं. येता-जाता माझ्या डोक्याला लागायचं.

भिंतीवरच्या चौकटींत मे महिन्याची चौकट नेहमी खाली जायची. तीन साल मी पाहत होते. एकदा भेंडी लावली, करपली. एकदा काकडी, तीही गेली. मे लागला की डोमाजी ओसरीवर बसून राहायचा, गाडीची शिटी ऐकली की मान वर करायचा आणि पुन्हा खाली घालायचा. या साली मात्र त्यानं बरबटी लावली. बरबटी म्हणजे चवळी. तिच्यावर तट्ट्यांची सावली केली. वार-बीर सगळे बंद, आठवड्याच्या सातही अंघोळी बरबटीत. विहीर तळाला गेली होती. माणूस एका गडव्यात, तांब्याभर पाण्यात, तोंड धुवायचा आणि उरलेलं तिच्या बुडाशी घालायचा. आणि काय सांगू, ती धरली. हातभर लांब, कोवळ्या शेंगा, भर वैशाखात. मी कुंपणावरून पाहायची आणि माझा जळफळाट व्हायचा.

मग एका दुपारी माझी म्हैस सुटली. मी सोडली नाही, देवाशपथ सांगते. दावं जुनं होतं. उन्हाळ्यात हिरवं पान कुठं नाही, तिला वास आला, तिनं कुंपण मोडलं आणि सरळ बरबटीत शिरली. मी धावत गेले तोवर तट्ट्या आडव्या पडल्या होत्या आणि शेवटचा वेल तिच्या तोंडातून लोंबत होता.

मला वाटलं, आता हा पंचायत भरवणार. मी कमरेला पदर खोचून तयारच होते. तुमचं कुंपण तुम्हाला नीट बांधता येत नाही, हे पहिलं वाक्य जिभेवर होतं. पण डोमाजी बाहेर आला, त्यानं पाहिलं, आणि वाफ्याच्या कडेला खाली बसला. म्हशीला हाकललंसुद्धा नाही. मीच तिच्या पाठीत दोन घातल्या. तो भांडायला उठेना तेव्हा मला जास्त राग आला. मी म्हटलं, "एवढं तोंड कायले पाडता? बाजारात भेटते बरबटी. मी आणून देतो."

"बाजारची नाई चालत, वैनी," तो म्हणाला. "बाजारचं नेलं तं वानोळा नाई होत."

वानोळा तुम्हाला माहीत आहे. आपल्या घरचं, आपल्या वाडीचं नवं फळ निघालं की ते आपल्या माणसाला नेऊन द्यायचं. बाजारातून घेतलं ते नुसतं सामान. मी विचारलं, कोणासाठी वानोळा? आणि विचारताना माझ्या डोळ्यांपुढं ती तिरोड्याची लवकी खाणारी होती.

मग तो सांगत गेला, वाफ्याकडं पाहत. कौसीच्या लग्नानंतर तो एकदा तिला पाहायला गेला होता, असाच, मोकळ्या हातानं. तिरोड्याला उतरून पायी चार-पाच कोस. विहीण दारात उभी होती. तिनं विचारलं, कायले आले?  जन्मभर टेशनात याला कोणी असं विचारलं नव्हतं. तो म्हणाला, इकडं काम होतं, इकडूनच चाललो होतो. आणि खरंच पुढं चालत गेला, कारण तसं बोलून बसला होता. तलावाच्या पाळीवर जाऊन बसला आणि परत आला. पोर आत होती. तिला कळलंसुद्धा नाही.

मी कुंपणाचा खांब धरला.

पुढच्या खेपेला त्यानं चार भेदरे नेले. विहिणीला म्हणाला, वानोळा आणला. विहिणीचं तोंड काही गोड झालं नाही, पण वानोळा म्हटल्यावर दार अडवता येत नाही. तिनं आत हाक मारली, तुया बाप आला, पिशवी खाली करून दे. कौसी बाहेर आली. पिशवी खाली केली. पिशवी परत दिली. झाली भेट.

"पिशवी खाली कराले जेवढा टाइम लागते," डोमाजी म्हणाला, "तेवढा टाइम ते माया समोर बसते, वैनी. मंग आत जाते. चार भेदऱ्याले किती टाइम लागते?"

साठ टाके! तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. प्रत्येक टाक्याला गाठ, आणि गाठीवर गाठ. पोर ओसरीवर बसून एकेक गाठ सोडवायची. सासू आत-बाहेर करायची आणि म्हणायची, पार्सलबाबू आहे, त्याला असंच शिवायची सवय. तेवढ्यात बाप-लेकीचं काय बोलणं व्हायचं ते व्हायचं. दिवाळीला, आखाडीला पोर माहेरी धाडा म्हटलं तर ते लोक म्हणत, घरात बाईमाणूस नाही, कोणाकडं धाडायची? यंदा तिला सातवा महिना लागला होता. पहिलटकरीण, तरी धाडत नव्हते. आणि मे महिना खाली गेला होता.

मी घरात गेले. रागच आला होता, कोणाचा ते धड सांगता येत नाही. शिंकं सोडलं, कोहळं काखेत घेतलं आणि कुंपणाच्या मोडलेल्या जागेतून पलीकडं जाऊन त्याच्यापुढं ठेवलं.

"हे घ्या. मूळ तुमच्या वाडीत हाये."

त्यानं कोहळ्यावरून हात फिरवला. डिसेंबरचं होतं ते, पण कोहळ्याला महिना कळत नाही, अजून तसंच टणक होतं. मग त्याचं तोंड पुन्हा उतरलं. म्हणाला, कोहळं तं एका हातानं निघते. मी म्हटलं, दाभण कुठं आहे? त्यानं आणलं ते मी हातातून घेतलं आणि मीच बसले. पोतं दुहेरी केलं. त्यानं घातले असते साठ, मी नव्वद घातले. बोटाला दोनदा टोचलं. आमचे हे मिलमधून आले, त्यांनी मला पलीकडच्या ओसरीवर कोहळं शिवताना पाहिलं आणि तसेच आत गेले. तिसाव्या टाक्यानंतर मी डोमाजीला म्हटलं की तिरोड्याची गोष्ट गावात मी उठवली. तो म्हणाला, त्याला माहीत होतं. त्याला वाटलं होतं, बरंच आहे. लोकांना खरी गोष्ट कळली असती तर हसले असते.

दुसऱ्या दिवशी तो गेला आणि संध्याकाळी आला, रिकामं पोतं खांद्यावर. उन्हानं तोंड काळवंडलं होतं. तिकडचं पाणी प्यायचं नाही ना! मी आधी गडवा दिला, मग विचारलं. तो सांगायला लागला. कौसीनं पहिली गाठ हातात घेतली आणि म्हणाली, "बाबा, हे टाके तुमचे नोहोत." तिला बापाचा टाका ओळखता येत होता. मग तिनं ते सोडवले, एकेक करून, सुतळी न तोडता. ती सुतळी ती गुंडाळून ठेवते. चार सालांची सुतळी तिच्याकडं आहे. सासू दोनदा विळा घेऊन आली, काप म्हणाली, पण पोरीनं सुतळी कामाची आहे म्हणून कापू दिली नाही. दुपार कलली तोवर ती समोर बसून होती.

हे सांगून डोमाजी उठला, भिंतीपाशी गेला आणि मेच्या चौकटीत कोळशानं कोहळं लिहिलं.

मी घरात आले. सून सुपात तांदूळ निवडत बसली होती. मागच्या पोळ्यापासून नागऱ्याहून कोणी आलं नव्हतं, आणि नागरा आमच्या घरापासून दोन कोसांवर. मी तिच्यापुढं उभी राहिले. माझं तोंड गावात कोणी बंद करू शकलं नाही, पण त्या वेळी मला शब्द जुळवावे लागले.

"तुया बाबाले निरोप धाड," मी म्हटलं. "या म्हणा एकदा."

तिनं घाबरून वर पाहिलं. "कायले, आत्याबाई?"

पोरीनं साधंच विचारलं होतं. मी चुलीकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं, जिथं तो माणूस उभा होता आणि इकडूनच चाललो होतो म्हणाला होता.

"कायले म्हणजे? असंच," मी म्हटलं. "हात हालवत या म्हणा."

ती मान खाली घालून निवडत राहिली, आणि वेचलेले खडे पुन्हा तांदळातच टाकत राहिली. मी ते पाहिलं, आणि चूल पेटवायला गेले.